आधी गिऱ्हाईक, मग यंत्र

नवउद्योगांच्या जगात ‘प्रॉडक्ट-मार्केट फिट’ ही संज्ञा आता पुण्या-मुंबईच्या तरुणांच्याही तोंडी बसलेली आहे. तिचा आशय असा, की तयार केलेली वस्तू आणि ती घेण्यास आसुसलेला बाजार यांचा मेळ बसतो, आणि मग विक्रेत्याने गिऱ्हाइकामागे धावण्याऐवजी गिऱ्हाइकाच्या मागणीला पुरे पडताना विक्रेत्याचीच धांदल उडते. अमेरिकेतील उद्योजक व गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधामुळे ही संज्ञा सर्वतोमुखी झाली, आणि मूळ कल्पनेचे श्रेय त्यांनी अँडी रॅक्लेफ या गुंतवणूकदाराला दिले. त्या निबंधातील प्रतिपादन असे होते, की माणसे, वस्तू आणि बाजार या तिन्हींमध्ये बाजारच अखेर निर्णायक ठरतो. हे प्रतिपादन कॅलिफोर्नियातील असले, तरी ते ज्याच्या आधारे तपासून पाहता येईल असा उत्तम दाखला इंग्लंडमधील ब्रॅकनेल या गावात, संज्ञा जन्माला येण्याच्या अर्धशतक आधी, घडून गेलेला आहे. त्या दाखल्यातील कंपनीने पुढे ‘व्होडाफोन’ला जन्म दिला, त्यामुळे मराठी वाचकाचा तिच्याशी नकळत संबंधही येऊन गेला आहे.

या दाखल्याचे महत्त्व असे, की ‘रॅकल’ नावाच्या या कंपनीला हा मेळ एकदा नव्हे तर तीनदा नव्याने जुळवावा लागला, आणि प्रत्येक वेळी तो जुळला तो प्रयोगशाळेतील कल्पनेमुळे नव्हे, तर कोणाची तरी अडलेली गरज आधी हेरली गेल्यामुळे. सॉफ्टवेअरच्या धंद्यात आज जे घडते त्याची नीट उकल करण्यास ही जुनी, लोखंडी खोक्यांची कथा अधिक उपयोगी पडते, कारण तिच्यात प्रत्येक चुकीची किंमत ताबडतोब आणि रोखीने मोजावी लागत होती.

आखून वसवलेले गाव

ब्रॅकनेल लंडनच्या पश्चिमेस सुमारे पन्नास किलोमीटरवर, बर्कशायर परगण्यात आहे, आणि वॉटर्लू स्थानकातून सुटणारी रेडिंगची गाडी तेथे थांबते. दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बहल्ल्यांनी उद्ध्वस्त झालेल्या लंडनमधील माणसे आणि कारखाने बाहेर हलवण्यासाठी १९४६ च्या कायद्यान्वये जी ‘नवी नगरे’ उभारण्यात आली, त्यांपैकी हे एक होय. १९४९ मध्ये त्याची घोषणा झाली तेव्हा ते विटांच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाणारे छोटे गाव होते, आणि पंचवीस हजार वस्तीचा आराखडा डोळ्यांसमोर ठेवून त्याची आखणी करण्यात आली. प्रिस्टवुड, बुलब्रुक, हार्मन्स वॉटर, ग्रेट हॉलंड्स अशा प्रत्येक वसाहतीला स्वतःची शाळा, दुकाने, चर्च आणि पब देण्यात आले, आणि कारखाने वस्तीपासून वेगळे काढून औद्योगिक पट्ट्यांत बसवण्यात आले.

आजही हे गाव पायी पाहणाऱ्याला त्या आखणीचा अनुभव येतो. मोटारींसाठी एकामागून एक गोल चौक आणि पादचाऱ्यांसाठी त्यांच्याखालून जाणारे भुयारी मार्ग अशी येथील रचना आहे, आणि काही वसाहतींत तर रस्त्यांच्या नावांपुढे ‘रोड’ वा ‘स्ट्रीट’ हा शब्दही जोडलेला नाही. जुने काँक्रीटचे बाजारकेंद्र पाडून २०१७ मध्ये ‘द लेक्सिकन’ नावाचे नवे केंद्र उघडण्यात आले. हवामान खात्याचे मुख्यालय १९६१ पासून २००३ पर्यंत येथे होते, आणि ते एक्सिटरला जाऊन दोन दशके लोटली तरी एक चौक अजून त्याच्याच नावाने ओळखला जातो. या मुख्यालयात २ नोव्हेंबर १९६५ रोजी, ‘कॉमेट’ हे टोपणनाव असलेल्या केडीएफ-९ संगणकावर गणित मांडून केलेला हवामान अंदाज नित्याच्या कामाचा भाग म्हणून प्रथम प्रसृत झाला. आज्ञावली लिहिणाऱ्यांना येथे बाजार शोधावा लागला नाही, कारण अंदाजाची वाट पाहणारे वैमानिक आणि खलाशी आधीच रांगेत उभे होते. फेरांटी, आयसीएल, पुढे एचपी, डेल, फुजित्सू अशा संगणक व्यवसायातील कंपन्यांनीही याच गावात बस्तान बसवले, आणि त्यांच्या मागोमाग भारतातून, त्यात महाराष्ट्रातूनही, आलेली अभियंत्यांची कुटुंबे ब्रॅकनेल, वोकिंगहॅम आणि रेडिंग या टापूत स्थिरावली.

नव्या नगराने उद्योजकाला जे दिले ते जाहिरातीत फारसे सांगितले जात नसे, पण त्याचा परिणाम मोठा होता. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये घरांची टंचाई एवढी होती की कुशल कामगाराला पगारापेक्षा डोक्यावरच्या छपराचे आकर्षण अधिक वाटे, आणि नगरात नोकरी मिळाली की घर मिळण्याची वाट मोकळी होई. भांडवल तुटपुंजे असलेल्या कंपनीला मोठ्या कंपन्यांशी पगाराची स्पर्धा करणे झेपणारे नव्हते, तेव्हा घराची ही सोय तिच्या पथ्यावर पडली.

कॉलिन्सचा नकार

रेमंड ब्राउन आणि कॅल्डर कनिंगहॅम हे दोघे प्लेसी या मोठ्या इलेक्ट्रॉनिक कंपनीत एकत्र काम करत असत. ब्राउन यांचा पिंड विक्रेत्याचा आणि कनिंगहॅम यांचा अभियंत्याचा होता. १९५० मध्ये त्यांनी लंडनच्या पश्चिमेकडील आयलवर्थ येथे स्वतःची कंपनी काढली आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरे जुळवून तिला ‘रॅकल’ हे नाव दिले. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट हॅरिसन हा तरुण हिशेबनीस तीत दाखल झाला. आरंभीची वर्षे सल्लागारीच्या आणि इतरांच्या वस्तू जुळवून देण्याच्या कामात गेली, कारण कंपनीकडे विकण्याजोगे स्वतःचे असे काहीच नव्हते. १९५४ मध्ये कंपनी ब्रॅकनेलच्या वेस्टर्न रोडवर आली.

याच सुमारास ब्रिटिश नौदलाला अमेरिकेतील कॉलिन्स कंपनीच्या ५१-जे या नमुन्याचे रेडिओ ग्राहक, म्हणजे संदेश ऐकण्याची यंत्रे, ब्रिटनमध्येच बनवून हवी होती. रॅकलने ते काम मिळवले, परंतु आराखडा वापरण्याचा परवाना देण्यास कॉलिन्सने नकार दिला. नौदलासारखे गिऱ्हाईक हाताशी होते, पुरवठ्याचा शब्द गेलेला होता, आणि वस्तू मात्र अस्तित्वात नव्हती. सामान्य व्यवहारबुद्धीने येथे माघार घेतली असती. रॅकलने स्वतःचे यंत्र स्वतः घडवण्याचे ठरवले, आणि तो निर्णय त्या कंपनीच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा ठरला, असे मानण्यास जागा आहे.

नौदलाची गरज समजून घेतल्याखेरीज या निर्णयाचे मर्म कळत नाही. उपग्रह नव्हते त्या काळात हजारो मैलांवर संदेश पोचवण्याचा मुख्य मार्ग लघुलहरींचा होता, आणि त्या लहरी ऐकणाऱ्या यंत्रांमध्ये एक जन्मजात खोड होती. आतील निर्वात नळ्या तापू लागल्या की यंत्राचा सूर हळूहळू सरकत असे, आणि ठरलेल्या वारंवारतेवर लावलेले यंत्र थोड्या वेळाने भलत्याच ठिकाणी पोचलेले असे. कानाला यंत्र लावून बसलेल्या माणसाला संदेश ऐकण्याबरोबरच तो शोधण्याचे कामही अखंड करावे लागे, आणि या शोधाशोधीत एखादा महत्त्वाचा संदेश हातचा जाई. कॉलिन्सने यावर उपाय काढला होता, पण तो अतिशय काटेकोर यांत्रिक भागांवर आणि अनेक स्फटिकांवर अवलंबून असल्याने महागडा होता.

उत्तर दक्षिण आफ्रिकेतून आले. तेथील शासकीय संशोधन संस्थेतील ट्रेव्हर वॅडली या अभियंत्याने अशी मंडलरचना शोधली होती, की सूर सरकण्याची क्रिया तीच राहावी, पण तिचा परिणाम मात्र बाहेर दिसू नये. येणारा संदेश आणि यंत्रातील बदलता दोलक यांचे मिश्रण करून चाळीस मेगाहर्ट्झच्या आसपासची एक लहर मिळवायची, त्याच दोलकाचे मिश्रण एकाच अत्यंत स्थिर स्फटिकापासून काढलेल्या लहरींशी करून साडेसदतीस मेगाहर्ट्झची दुसरी लहर मिळवायची, आणि मग या दोहोंची वजाबाकी करायची. दोलक सरकला तर दोन्ही लहरी सारख्याच सरकणार, त्यामुळे वजाबाकीत ते सरकणे नाहीसे होणार. अनेक स्फटिकांचे काम एका स्फटिकावर भागवणारी ही युक्ती ‘वॅडली लूप’ या नावाने प्रसिद्ध झाली.

कागदावर सोपी दिसणारी ही वजाबाकी धातूत उतरवणे मात्र किचकट होते, कारण यंत्राच्या एका भागातील लहर दुसऱ्या भागात पाझरली की नको ते सूर उमटत. त्यासाठी प्रत्येक भाग जाड ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या कप्प्यात बंदिस्त करावा लागला. यातून आरए-१७ हे यंत्र तयार झाले. त्याच्या दर्शनी भागावर मेगाहर्ट्झ निवडण्याची एक कळ आहे आणि किलोहर्ट्झसाठी चित्रपटाच्या फितीसारखी एक पारदर्शक पट्टी खिडकीमागून सरकते. ही पट्टी एका मेगाहर्ट्झसाठी पाच फूट लांब असल्याने एक किलोहर्ट्झचे अंतर सुमारे दीड मिलिमीटर भरते आणि ते नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. एखाद्या केंद्रावर ८५४५ किलोहर्ट्झ ही वारंवारता ऐकण्याचा आदेश आला, तर ऐकणाऱ्याने पहिल्या कळीवर आठ आणि पट्टीवर ५४५ लावून शांतपणे बसावे, संदेश तेथेच येणार आणि तेथेच राहणार. या भरवशासाठीच नौदलाने पैसे मोजले. नौदलापाठोपाठ वकिलातींच्या बिनतारी यंत्रणा, टेहळणी केंद्रे आणि परदेशी सरकारे ते मागू लागली, कारण त्या सर्वांची अडचण तंतोतंत तीच होती.

येथे एक गोष्ट ठळकपणे नोंदवली पाहिजे. कॉलिन्सने परवाना दिला असता तर रॅकलला एक चांगले कंत्राट मिळाले असते आणि ते पुरे झाल्यावर कंपनी पुन्हा दुसऱ्याच्या कामाच्या शोधात निघाली असती. नकारामुळे तिला गिऱ्हाइकाच्या मागणीपत्रापलीकडे जाऊन त्याची मूळ अडचण समजून घेणे भाग पडले, आणि त्या अडचणीचे उत्तर तिच्या स्वतःच्या मालकीचे झाले. कंत्राटी काम आणि स्वतःची वस्तू यांतील हे अंतर आजच्या भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांनाही पार करणे जड जाते.

छोट्या सैन्यांचा बाजार

एकदा मेळ बसला म्हणजे तो कायम टिकतो, ही समजूत अनेक चांगल्या कंपन्यांना भोवली आहे. रॅकलने १९६१ मध्ये आपले समभाग खुल्या बाजारात आणले. १९६६ मध्ये ब्राउन ब्रिटिश संरक्षण मंत्रालयात शस्त्रास्त्र विक्रीचे पहिले प्रमुख म्हणून गेले आणि हॅरिसन अध्यक्ष झाले. तोपर्यंत निर्वात नळ्यांची जागा ट्रान्झिस्टर घेऊ लागले होते आणि टेबलावर ठेवायच्या अवजड यंत्राच्या बाजाराला मर्यादा दिसू लागल्या होत्या.

दुसरा मेळ जुळला तो सैनिकाच्या पाठीवर. ब्रिटनमधील मोठे निर्माते ब्रिटिश लष्कराच्या तपशीलवार मागण्यांनुसार संच बनवत, आणि त्या मागण्या इतक्या कठोर असत की तयार होणारा संच इतर देशांना परवडत नसे. त्याच सुमारास आशिया आणि आफ्रिकेतील अनेक देश स्वतंत्र होऊन आपापली सैन्ये उभारत होते. त्यांना साधा, दणकट, कमी प्रशिक्षणात वापरता येणारा आणि लवकर मिळणारा संच हवा होता. रॅकलने सरकारी निधीची वाट न पाहता पदरच्या पैशाने ‘स्क्वाडकॅल’सारखे संच घडवले आणि तिचे विक्रेते ते घेऊन देशोदेशी फिरू लागले. विक्रेत्याने परत येऊन सांगितलेली तक्रार थेट आरेखनाच्या टेबलावर पोचत असे, आणि अभियंता व गिऱ्हाईक यांच्यात समित्यांची उतरंड नव्हती, हे या यशाचे खरे कारण मानावे लागते. या व्यापारात शस्त्रास्त्र व्यवहाराचे नैतिक प्रश्न गुंतलेले आहेत, आणि गिऱ्हाइकाची गरज भागवली म्हणून ते प्रश्न मिटत नाहीत.

मोटारीतला टेलिफोन

तिसरा मेळ जुळवणारा माणूस पुन्हा वेगळा होता. रॅकलच्या लष्करी रेडिओ विभागाचे प्रमुख जेराल्ड व्हेंट यांच्यापुढे सेल्युलर टेलिफोनची कल्पना आली. या पद्धतीत मुलुखाचे छोटे छोटे भाग पाडून प्रत्येकाला कमी शक्तीचा प्रक्षेपक दिला जातो, आणि माणूस एका भागातून दुसऱ्यात गेला की त्याचे संभाषण आपोआप पुढच्या प्रक्षेपकाकडे सोपवले जाते. ब्रिटिश सरकारने दोन परवाने देण्याचे ठरवले होते, त्यांपैकी एक ब्रिटिश टेलिकॉमच्या भागीदारीतील कंपनीला मिळाला आणि दुसरा डिसेंबर १९८२ मध्ये, अमेरिकेतील मिलिकॉम कंपनीच्या साथीने, रॅकलने जिंकला. ‘व्हॉइस’, ‘डेटा’ आणि ‘फोन’ हे शब्द जोडून सेवेला ‘व्होडाफोन’ नाव देण्यात आले. १ जानेवारी १९८५ रोजी ती सुरू झाली तेव्हा तिचे कार्यालय ब्रॅकनेलपासून पश्चिमेला, न्यूबरी येथे होते.

सोबत नेता येणाऱ्या पहिल्या संचाचे वजन पाच किलोच्या घरात होते, आणि संच व संभाषण दोन्ही महाग होते. तरीही पहिले गिऱ्हाईक मिळाले ते चैनीसाठी नव्हे. ज्यांचा धंदा कार्यालयाबाहेर चालतो आणि ज्यांचे एक हुकलेले संभाषण म्हणजे एक हुकलेले काम असते, असे बांधकाम ठेकेदार, फिरते विक्रेते, दलाल यांनी तो मोटारीत बसवून घेतला, कारण त्याची किंमत त्यांना महिन्या-दोन महिन्यांत वसूल होताना दिसत होती. परवान्याच्या अटींनुसार जाळे चालवणाऱ्या कंपनीला गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार करण्यास मज्जाव होता, त्यामुळे मधल्या सेवा-विक्रेत्यांची एक फळी उभी राहिली आणि प्रत्येक नव्या जोडणीमागे मिळणाऱ्या दलालीने तिला घरोघर धाडले. बंधन म्हणून आलेली ही अट प्रसाराचे साधन ठरली.

पुढे मूळ कंपनीपेक्षा हे अपत्यच मोठे झाले. १९८८ मध्ये व्होडाफोनचा एक हिस्सा खुल्या बाजारात आला, १९९१ मध्ये ती पूर्णपणे वेगळी झाली, आणि २००७ मध्ये हचिसनचा भारतातील व्यवसाय घेऊन ती मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचली. रॅकल मात्र २००० मध्ये थॉमसन-सीएसएफ या फ्रेंच कंपनीने विकत घेतली, आणि त्या कंपनीचेच नाव पुढे ‘थेल्स’ झाले.

खोक्याविना विकली जाणारी वस्तू

ब्रॅकनेलच्या औद्योगिक पट्ट्यांत आज कारखान्यांपेक्षा कार्यालये आणि गोदामे अधिक दिसतात, आणि विकली जाणारी वस्तू बऱ्याचदा संगणकाच्या पडद्यापलीकडे अस्तित्वात नसते. सॉफ्टवेअरमध्ये मेळ बसला की नाही हे कळणे अधिक अवघड असते, कारण पहिली प्रत बनवण्याचा खर्च मोठा आणि दुसरीचा जवळजवळ शून्य असल्याने संस्थापक फुकट प्रती वाटत सुटतो आणि वाटलेल्या प्रतींना मागणी समजून बसतो. कंपन्या ‘पायलट’ म्हणून वस्तू काही महिने वापरून पाहतात, कौतुक करतात आणि पैसे मोजण्याची वेळ आली की अंदाजपत्रकाकडे बोट दाखवतात. म्हणून जाणकार माणसे नव्या नोंदणीपेक्षा नूतनीकरणाकडे पाहतात, म्हणजे वर्ष संपल्यावर जुने गिऱ्हाईक स्वतःहून पुन्हा पैसे भरते का, हे तपासतात. या कसोटीवर उतरेपर्यंतचा रस्ता किती लांब असू शकतो, याचा सर्वांत बोलका मराठी दाखला पुण्यातील ‘क्विक हील’चा आहे.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी दहावीनंतर कॅलक्युलेटर आणि कार्यालयीन यंत्रे दुरुस्त करण्याचे काम धरले आणि पुढे पुण्यात स्वतःचे दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला येणारे संगणक बिघडलेले नसून विषाणूने ग्रासलेले आहेत, हे त्यांच्या ध्यानात येऊ लागले. धाकटे बंधू संजय तेव्हा संगणकशास्त्राचे शिक्षण घेत होते, आणि एकेका विषाणूसाठी त्यांनी लिहिलेली सफाईची छोटी साधने एकत्र करून १९९५ च्या सुमारास विषाणूरोधक प्रणाली आकाराला आली. नौदलाच्या श्रवणकक्षाचे स्थान येथे दुरुस्तीच्या टेबलाने घेतले होते, कारण गिऱ्हाईक स्वतःची अडचण स्वतःच्या हाताने उचलून दुकानात आणत होते.

तरीही जम बसायला वर्षे लागली. वस्तू चांगली होती, परदेशी प्रतिस्पर्ध्यांपेक्षा स्वस्त होती, पण पुण्याबाहेर तिला कोणी ओळखत नव्हते, आणि नव्या शतकाच्या आरंभी सॉफ्टवेअर बंद करून दुरुस्तीच्या धंद्याकडे परतण्याचा विचारही बंधूंनी केला. कलाटणी मिळाली ती विक्रीच्या मार्गाने. गावोगावच्या संगणक विक्रेत्याला आणि दुरुस्ती करणाऱ्याला वाजवी मोबदला मिळेल अशी साखळी कंपनीने उभारली. ज्याच्या शब्दावर गिऱ्हाईक संगणक घेते त्याच्याच हाताने वस्तू पोचू लागली, आणि अडचण आली तर मराठीत वा हिंदीत बोलणारा माणूस दूरध्वनीवर मिळू लागला. २००७ मध्ये कंपनीने वस्तूचेच नाव धारण केले, २०१० मध्ये सिकोया या गुंतवणूकदार संस्थेने तीत साठ कोटी रुपये घातले, आणि २०१६ मध्ये तिचे समभाग बाजारात आले. व्होडाफोनसाठी सेवा-विक्रेत्यांनी जे काम केले तेच येथे गल्लीतल्या संगणक दुकानदाराने केले, आणि वस्तूच्या गुणांइतकेच श्रेय या मधल्या माणसाला द्यायला हवे. यशकथांमध्ये त्याचे नाव क्वचितच येते.

क्विक हीलचाही पहिला मेळ आता सैल झाला आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने विषाणूरोधक संरक्षण संगणकाबरोबरच फुकट देण्यास सुरुवात केली, आणि घरगुती गिऱ्हाईक संगणकाऐवजी मोबाइलकडे वळले. कंपनीने ‘सेक्राइट’ या नावाने कारखाने, बँका आणि सरकारी कार्यालये यांच्यासाठी वेगळ्या वस्तू काढल्या. येथे दुकानदाराची शिफारस पुरत नाही. खरेदी समिती महिनोन्‌महिने चाचण्या घेते, निविदा निघते, आणि प्रत्यक्ष वापरणारा, शिफारस करणारा व पैसे देणारा अशी तीन वेगवेगळी माणसे असतात. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्याने हलगर्जीबद्दल अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केल्याने ग्राहकांची माहिती सांभाळण्याची गरज प्रत्येक मोठ्या कार्यालयात निर्माण झाली आहे. ती भागवण्यासाठी पैसे कोण मोजणार, माहिती विभाग की कायदा विभाग, आणि दंड प्रत्यक्षात होऊ लागण्याआधी मोजणार की नंतर, हे त्या त्या कार्यालयाच्या दारात जाऊन शोधण्याचे काम सध्या चालू आहे.